लिंबावरचा नंबर

आबा,

तुमी उठायच्या आत पुण्याची पहिली एसटी धरतीय. दारातल्या कडूलिंबावर पांढरा नंबर दिसला की ग्रामपंचायतीत भांडायला जाऊ नका. रस्ता रुंद करणाऱ्यांनी न्हाय, मीच रंगवलाय. त्यांचा नंबर तोडायसाठी, आमचा जपायसाठी. शहरातल्या झाडांची एम.एस्सी. म्हणजे हेच की. काल तुमी "झाडं मोजायला शाळा लागती व्हय?" म्हणालात, त्याचं उत्तर ह्या नंबरात हाय.

मोजायचा टेप हॉस्टेलवर राहिला, म्हणून लिंबाचं खोड मिठीनं मोजलं. आई असताना आमी दोघी त्याला दोन्हीकडनं धरायचो. आज धुक्यात डोळं मिटलं, तर पलीकडनं तिचा हात लागला असं वाटलं.

भाकरी टोपल्यात हाय, खावा.

लिंबाला एक नंबर दिलाय. पुण्यातल्या माझ्या वहीत झाडं दोनपासनं सुरू हुतात.

तुमची छकुली