बंडलमधला अकरावा नंबर

१० नोव्हेंबर, सोमवार

दहा पाहिजेत. अकरा आहेत!

आमच्या रक्तदात्यांच्या वेबसाइटवर मागणी आली की त्या तालुक्यातल्या दहा कार्यकर्त्यांना मेसेज जातो. सालेकसा तालुक्याखाली कोडमध्ये दहाच नंबर लिहिलेत, दोनदा मोजले. पण सगळ्या फायली बांधून जो एक गठ्ठा होतो — बंडल, जो लोकांच्या फोनवर जातो — त्यात अकरावा आहे. आणि बंडल बांधतात फक्त श्यामलाल सर. स्वतःच्या कॉम्प्युटरवर.

११ नोव्हेंबर

सरांना सरळ विचारलं नाही. बंडल माझ्या मशीनवर बांधून पाहू का, एवढंच म्हटलं.

"कायले? चालून राहिलं ना," म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले.

आठ वर्षं शिकवलं या माणसाने. डबा खाताना जुन्या गोष्टी सांगायचे — पूर्वी वेबसाइटच्या पानावर पंधरा फायली एकाखाली एक जोडायचे, क्रम चुकला की सगळंच ठप्प. मग फायली आपोआप बांधणारं ग्रंट आलं, गल्प आलं, वेबपॅक आलं. प्रत्येक नवं हत्यार ऑफिसात आधी त्यांनीच आणलं. आणि आता तीन वर्षं मी 'वीट' (Vite) हे नवं हत्यार घेऊ म्हणतेय, तर म्हणतात, नावानेच वीट आला! सगळे हसतात. मीही हसायचे. वेबपॅकला चार मिनिटं लागतात, विटेला काही सेकंद. तरी नको. काऊन?

आता कळतंय. नवं हत्यार आलं असतं तर सगळं उलगडावं लागलं असतं.

१२ नोव्हेंबर

नंबर नेटवर शोधला. नाव दिसत नाही. फोन लावला तर समोरचा सावध होईल, सरांना सांगेल. पेशंटचं नाव, दवाखाना, घरच्यांचा मोबाइल — सगळं त्याच्याकडे जातंय. रक्ताचे दलाल असतात म्हणे.

१४ नोव्हेंबर

सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला गेले. जाताना त्यांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मला देऊन गेले. विश्वासाने, की हिला काही सापडणार नाही या खात्रीने?

सापडलं. वेबपॅकच्या सेटिंगमध्ये सहा ओळींचं, त्यांनीच लिहिलेलं प्लगिन. काम एकच — बंडल बांधताना सालेकशाच्या यादीत तो नंबर घालायचा. टीमच्या सामायिक कोडमध्ये हे कुठेच नाही. म्हणजे चूक नाही. मुद्दाम.



१७ नोव्हेंबर

वीट बसवली. दिवसभर लागला, पण बसली. नवं बंडल उघडून पाहिलं. दहा नंबर. फक्त दहा.

संस्थेचे सचिव केशोराव खूश — साइट भराभर उघडते म्हणाले. बाकीचं त्यांना सांगितलं नाही. आधी पुरावा गोळा करते.

१८ नोव्हेंबर

सरांचा फोन आला. घेतला नाही.

२० नोव्हेंबर

सालेकशाच्या दवाखान्यात सकाळी एका बाळंतिणीला रक्त लागलं. दहाही मेसेज गेले, मी तपासलं. दोघांनी उत्तर दिलं, ते धान कापायला बांधीवर होते. कोणी आलं नाही. शेवटी तिला गाडीत घालून गोंदियाला आणलं. संध्याकाळी इथे रक्त मिळालं. वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

केशोरावांनी मला बोलावून विचारलं. आधी तालुक्यातल्या दरेकसा गावाकडचे लोक तास-दोन तासांत यायचे, चार-पाच जण. आज एकही नाही, हे कसं?

मेसेज गेले होते, एवढंच सांगितलं. मनात एकच — सरांनीच त्यांना थांबवलं असेल. त्यांनी घातलेला नंबर मी काढला, म्हणून. नागपुरात डोळ्यावर पट्टी बांधून बसलेला माणूस असं करेल? आठवड्यापूर्वी नाही म्हटलं असतं.

२१ नोव्हेंबर

पुरावा पुष्कळ झाला. उद्या नंबर लावते, आणि मग केशोरावांकडे.

२२ नोव्हेंबर

एका बाईने उचलला. दरेकशाची दुर्पता. मी वेबसाइटवाली आहे म्हटल्यावर तीच रागावली — "मेसेज काऊन येऊन नाही राहिला?" तिच्याकडे साधा फोन. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नावं केशोरावांनी यादीतून काढायला लावली होती, तेव्हा तिचंही गेलं. सर म्हणाले होते, मेसेज येत राहील, कोणाले सांगू नको. मेसेज आला की ती घरोघरी जायची आणि माणसं गाडीत बसवून सालेकशाला आणायची. चार वर्षं.

नंबर परत टाकते म्हटलं. उघडपणे, तिच्या नावासकट.

फोन ठेवताना तिने विचारलं, "मधात कोणाले रक्त लागलं होतं का, मॅडम?"

मी हो म्हणाले.