ताईसाठी तळमजला

२ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय घेतला. घर बदलायचं. शहराच्या पार उत्तर टोकाला जायचं, ताईच्या डोळ्यांसाठी.

ताईला अजून सांगितलेलं नाही. आधी सांगितलं की ती नको म्हणणार. तिला कुणाला त्रास द्यायला आवडत नाही. म्हणून सगळं पक्कं करून मगच सांगायचं.

कारणं इथे लिहून ठेवतो, पुढेमागे मन डगमगलं तर वाचता येतील. गेल्या दोन महिन्यांत ताई चष्मेवाल्याकडे सात वेळा गेली. वय बासष्ट. मी तीस वर्षं लॅबमध्ये कवळ्या बनवतोय, म्हणजे मेडिकल लाइनच. मला कळतं. माणूस सात वेळा चष्मेवाल्याकडे जातो तेव्हा प्रकरण नुसत्या नंबराचं राहिलेलं नसतं. त्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्यातला दिवा कायम गेलेला. उद्या पाऊल चुकलं तर?

उत्तरेला डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. मला लॅब लांब पडेल. पडू दे. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिने लग्न केलं नाही, मीही केलं नाही. तिने सगळं आयुष्य माझं करण्यात घालवलं, मग मला दीड तास बस जड आहे का?

५ फेब्रुवारी, गुरुवार
आज आठवी खेप. काय म्हणाला म्हणून विचारलं. "फ्रेम सैल होत होती," म्हणाली. गेली अडीचला, आली सहाला. फ्रेमला साडेतीन तास? लपवतेय. आणि वर तोंडावर हसू. धीराची बाई आहे.

रात्रीचं दूध उतू गेलं. गॅससमोर उभी होती, तरी. दिसलंच नाही तिला. शिवाय गुणगुणत होती. घाबरलेली माणसं गुणगुणतात असं कुठेतरी वाचलंय.

८ फेब्रुवारी, रविवार
स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर जाड मार्करने मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. ताईने विचारलं, हे काय. म्हटलं, मला काही सापडत नाही म्हणून. ती म्हणाली, "बरं केलंस. कुठे काय आहे ते तुला कळायलाच हवं आता." किती शिताफीने विषय स्वतःवरून माझ्यावर ढकलला.

संध्याकाळचा चहा खारट. मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं गेलं होतं. ताई हसली आणि तिने तो चहा पूर्ण प्यायला.

१५ फेब्रुवारी, रविवार
एजंटबरोबर चार जागा पाहिल्या. तीन बाद. चौथी हवी तशी. तळमजला, दोन बेडरूम, हॉस्पिटलचं मागचं गेट रस्ता ओलांडला की समोर. आधी तिथे कुणी म्हातारे राहायचे, त्यामुळे बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे आयते. उजेड कमी आहे, पण एजंट म्हणाला की नाजूक डोळ्यांना तो बराच.

एजंटने विचारलं, फॅमिली? म्हटलं, बहीण. मिसेस? म्हटलं, नाही. त्यानंतर तो बराच वेळ गप्प होता. कमी बोलणारा एजंट म्हणजे प्रामाणिक असणार.

मोठी खोली ताईला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
घरमालकीणबाईंना नोटीस दिली. एकतीस वर्षं राहिलो, मार्चअखेर सोडतो. त्यांनी विचारलं, "तुमच्या ताईंना माहीत आहे?" म्हटलं, तिच्यासाठीच तर चाललंय. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. जुने भाडेकरू जाणार म्हणजे वाईट वाटतंच.

नव्या जागेचा करारही झाला. ताईला रविवारी सांगणार. नक्की.

२२ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं नाही. ताई केस कापून आली. मानेपर्यंत. लांब केस विंचरणं डोळ्यांना झेपत नसणार. अशा दिवशी कसं सांगणार?

१ मार्च, रविवार
ताई मला भात शिकवतेय. दोन दिवसांपूर्वी इस्त्री शिकवली. कॉलर आधी, बाह्या मग. काही न बोलता तिने मनाची तयारी केलीय. पुढे सगळं माझ्यावरच पडणार हे तिला कळून चुकलंय. भात ढवळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, भात ढवळायचा नसतो.

खाली लागला. वरचा चांगला होता.

सांगणं पुढच्या रविवारी.

८ मार्च, रविवार. दुपारी ४
सांगितलं. मुद्दे कागदावर काढले होते, ते वाचून दाखवले. हॉस्पिटल, तळमजला, दांडे, नाजूक उजेड. मग ताईने करार मागितला आणि तिथेच उभ्याउभ्या वाचला. शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतलं कलमसुद्धा. चष्मा टेबलावर होता.

"अकरा महिने सोडता येणार नाही असं लिहिलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, सोडायचीय कशाला?

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "मलाही तुला काहीतरी सांगायचंय. दोन महिने म्हणतेय आज सांगू, उद्या सांगू. तू मधे काही बोलू नकोस."

चष्मेवाला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. वय पासष्ट. दुकान शहराच्या दक्षिण टोकाला, मागेच दोन खोल्या. एप्रिलमध्ये नोंदणी करून लग्न.

मी म्हटलं, चांगलं आहे.

मग म्हटलं, आणि डोळ्यांचं काय?

ती म्हणाली, "डोळ्यांना काय झालंय माझ्या?"

१० मार्च, मंगळवार
शांतपणे विचार केला. या वयात असं होतं. एकदोन महिन्यांत उतरेल. नव्या जागेतली मोठी खोली तिच्यासाठी तशीच ठेवायची. घाई करायची नाही, बोलायचं तर अजिबात नाही.

घरमालकीणबाईंकडे सहज जाऊन आलो. नोटीस परत घेता येईल का म्हणून. त्या म्हणाल्या, "अहो, नवीन जोडपं कालच पलंगाचं माप घेऊन गेलं." म्हटलं, नाही नाही, मी आपलं सहज विचारलं.

१२ मार्च, गुरुवार
लॅबमधून लवकर निघून दक्षिणेला गेलो. नुसता अंदाज घ्यायला. चष्मेवाला ठेंगणा, पांढरा शर्ट, खिशाला स्क्रूड्रायव्हर. वरचे पुढचे चार दात खोटे, एक शेड जास्त पांढरे. आमच्या लॅबचे नाहीत. माणसाचे दात पाहिले की मला बरंच काही समजतं. याचं काही समजलं नाही.

त्याने ओळखलं मला. म्हणाला, "या. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." काय ऐकलंय ते विचारायचं राहून गेलं. "आलाच आहात तर डोळे तपासू का?" म्हणाला. नको म्हटलं. भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ बारीक छापली होती, एवढं मात्र त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "सगळीकडे तेवढीच असते."

ताईचा स्वेटर दुकानातल्या खुर्चीच्या पाठीवर होता. बरेच दिवस तिथेच असल्यासारखा.

२२ मार्च, रविवार
आज बोललो. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण सामान बांधता बांधता बोलणं निघालं. म्हटलं, तुला तर लग्नात कधी रसच नव्हता. तेव्हा ते पोस्टातले स्वतःहून विचारायला आले होते, त्यांनाही तूच नको म्हणालीस. सव्वीस वर्षं झाली त्याला.

ताई वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. तिने हातातला कप पुरा गुंडाळला, खोक्यात ठेवला.

म्हणाली, "मी नको नव्हते म्हणाले. थांबा म्हणाले होते. तू स्कूटरवरून पडला होतास, पायाला प्लास्टर होतं. प्लास्टर निघू दे, म्हटलं."

मी म्हटलं, तेच. मी आजारी होतो.

"प्लास्टर सहा आठवड्यांत निघालं," ती म्हणाली. "त्यानंतर तू चार महिने काठी घेऊन फिरलास. तोवर त्यांची बदली झाली."

रागावून बोलली नाही. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं. पुढचा कप घेतला आणि म्हणाली, "तू लहान होतास."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

काठी घेऊन फिरत होतो हे खरं. पाय दुखत होता. बहुतेक.

२४ मार्च, मंगळवार
पाय दुखत नव्हता.

२५ मार्च, बुधवार
ताईला हे सांगायला हवं. सविस्तर नाही, एकच वाक्य. शिफ्टिंगच्या आधी सांगून टाकणार. लॅबमध्ये दिवसभर मनात घोकत होतो. मेणात दात मांडताना वरची दाढ खाली आणि खालची वर गेली. मालक म्हणाले, तब्येत बरी आहे ना? इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं.

२९ मार्च, रविवार
शिफ्टिंग. टेम्पो सकाळी आठला आला. ताईने सगळं मला दिलं. कपाट, दोन्ही पलंग, टेबल, भांडी. स्वतःला एक सूटकेस आणि आईचा फोटो. फोटोची कॉपी काढून देते म्हणाली. जिन्यात हमाल होते म्हणून ते वाक्य राहिलं. खाली आलो तर टेम्पोवाला घाई करत होता.

घर रिकामं झाल्यावर भिंतीवर जिथे कपाट होतं तिथला रंग नवा निघाला. ताई तिथे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हा रंग आपण निवडला होता, आठवतंय? मला वाटायचं, फार गडद झालाय." मी म्हटलं, टेम्पो थांबलाय.

४ एप्रिल, शनिवार
नोंदणी कार्यालय. अकरा वाजता. आधी सांगायचा विचार होता, पण बाहेर बाकावर अजून तीन जोडपी होती, सगळी पंचविशीच्या आतली. त्यांच्या मधोमध ताई बसलेली. निळी साडी, मानेपर्यंत केस. तिला कुणी हसत नव्हतं. मला वाटलं होतं, हसतील.

मी साक्षीदार. सही चुकीच्या रकान्यात केली, वराच्या. कारकून म्हणाला, अहो काका, तुमचं नाही लग्न. सगळे हसले, मीही. नवीन फॉर्म भरावा लागला. दुसऱ्यांदा सही करताना पेन चालेना. पेन खराब होतं, कारकूनही म्हणाला.

चष्मेवाल्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. हात कोरडा आणि ऊबदार आहे त्यांचा. म्हणाले, "कधीही या." कधीही म्हणजे नेमकं कधी, ते सांगितलं नाही.

१२ एप्रिल, रविवार
नवी जागा उत्तम आहे. शांत. दिवसा दिवा लावावा लागतो, पण शांत. बाथरूममधल्या दांड्यांवर टॉवेल चांगला वाळतो. मोठ्या खोलीत ताईचा पलंग मांडला आहे, चादर घालून. शेजारच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं, घरात पेशंट कोण? म्हटलं, कुणी नाही. "मग इथे कसे आलात?" म्हणाल्या. हवा चांगली आहे म्हणून, असं सांगितलं.

भात जमतो आता. दोघांचा होतो.

२६ एप्रिल, रविवार
हिशोब केला. जुन्या घरापासून ताईचं घर चाळीस मिनिटांवर होतं. इथून दोन बस, दोन तास दहा मिनिटं. कराराचे अजून दहा महिने. म्हणजे काही फार नाही.

पुढच्या रविवारी जायचं आणि सांगायचं. पहिल्या पाच मिनिटांतच, म्हणजे मग मोकळेपणी बसता येईल.

३ मे, रविवार
पोट बिघडलं होतं. थोडंसं.

१० मे, रविवार. संध्याकाळी ७
गेलो. साडेअकराला पोचलो. दुकान बंद, मागच्या खोल्यांना वेगळं दार, बाहेर दोन कुंड्या. बेल वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच ताईच्या दाराची बेल वाजवली.

दार तिनेच उघडलं. म्हणाली, "वाळलास." मग म्हणाली, "बस."

मला कुठे बसायचं ते कळेना. चष्मेवाल्यांनी खुर्ची पुढे केली. ताई आत गेली आणि पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये. ग्लासावर झाकणी.

चोपन्न वर्षांत तिने मला हजारो वेळा पाणी दिलं असेल. ओरडून, आपटून, तापात मान उचलून धरून. ट्रेमध्ये कधी दिलं नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पाहुण्यांना देतात तसं दिलं, एवढंच. मी थँक यू म्हणालो.

जेवण चांगलं झालं. चष्मेवाले दुकानातले किस्से सांगत होते, ताई हसत होती. एका किश्श्याचा शेवट तिने आधीच सांगून टाकला, तर ते म्हणाले, "हिला सगळं पाठ झालंय." मी वाक्य तयार ठेवलं होतं. चष्मेवाले हात धुवायला आत गेले तेव्हा दोन मिनिटं मिळालीही. मी म्हटलं, "ताई."

ती म्हणाली, "काय रे?"

तिचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, "पंखा थोडा कमी कर."

स्टॉपपर्यंत सोडायला आली. बस लगेच आली. रविवारी कधी येत नाही लगेच. पोचलास की फोन कर, म्हणाली.

आत्ता केला. पूर्ण रिंग होऊन बंद झाला. दोघं संध्याकाळी फिरायला जातात, असं जेवताना सांगितलं होतं तिने.

परत करत नाही. फिरू दे तिला.