ससा चालू, ओके

३ मार्च, सोमवार
बायको चिमणीला घेऊन माहेरी गेली, त्याला आठ दिवस झाले. तिचा राग चार दिवस टिकतो. यंदा जरा लांबला.
चिमणीला सशाच्या दिव्याशिवाय झोप येत नाही. दिवा वायफायवर चालतो, म्हणजे बाप इथून लावू शकतो! ऑफिसातली माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, रोज चाळीस शाखांच्या राउटरना कमांड पाठवते आणि लॉग लिहिते, म्हणजे नोंद ठेवते. त्यात एक्केचाळिसावा ससा. संध्याकाळी सातला. कळेल पोरीला, बाबा आठवण काढतो.

४ मार्च
लॉग: "७.०० ससा चालू. ओके." डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनच्या उजेडानं असेल.

७ मार्च
बायकोचा फोन. मी स्क्रिप्टमध्ये गुंतलेलो. दिव्याबद्दल काहीतरी म्हणाली. आभारच मानत असणार. हो हो म्हटलं.

९ मार्च, रविवार
आज त्यांना आणायला जाणार होतो. पण कमांड चुकली तर पुन्हा पाठवायची सोय करायला घेतली. अर्धवट टाकून कसं जाणार? पुढच्या रविवारी नक्की. बायकोनं फोनवर पुन्हा दिव्याचं काढलं. हो म्हटलं. तर म्हणे, तुझं हे नेहमीचंच. सातत्य हा दुर्गुण कधीपासून झाला?

१२ मार्च
चिमणी फोनवर म्हणाली, अंधाराची भीती वाटते. मागून बायको दिवा, दिवा करत होती. हो गं बाई! उजेड पन्नास टक्क्यांवरून शंभर केला.

१४ मार्च
ऑफिसातल्या मामांनी (वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा) स्क्रिप्ट पाहिली. म्हणाले, अरे, कमांड पाठवली की लगेच ओके लिहितोस, समोरचा काय म्हणतो ते ऐकतोस कुठे? उत्तर येऊ दे. कुठून आलं तेही लिही.
मामांना खोड काढायची सवयच आहे. तरी केलं.

१६ मार्च, रविवार, सं. ७.०५
जायचं राहिलं. नवा लॉग बघायचा होता. सशाचं उत्तर आलं. चालू, शंभर टक्के. पत्ता आमच्याच घरच्या वायफायचा. बग असणार.

८.१०
बग नाही.
चिमणीच्या खोलीचं दार उघडलं. ती गेल्यापासून बंदच होतं, बघवत नव्हतं. रिकाम्या गादीशेजारी ससा लख्ख पेटलेला. जाताना विसरली होती.
बायकोला फोन केला. म्हणाली, तीनदा सांगितलं दिवा घेऊन ये, तीनदा हो म्हणालास. आता नको आणूस. तिला अंधाराची सवय झाली.
रडलो. स्क्रीन बंद होती.