ओळ काढणार नाही

अकोला, १६ नोव्हेंबर २०२३

चि. रागिणीस गोवर्धनदादाचे अनेक आशीर्वाद.

तू फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून हे पत्र. काल भाऊबीजेला तुझी वाट पाहिली आणि आले कोण, तर तुझ्या दिल्लीच्या कचेरीतले एक साहेब! संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागाची तू प्रमुख होणार, पण तुझ्या अहवालातली एक ओळ आडवी येते आहे, असं म्हणाले. अगं, एक ओळ! बत्तीस वर्षं घासलीस, आता काठाशी येऊन अडून बसू नकोस. काढून टाक आणि मोकळी हो.

मी तर फोन करून आईकडे, चांदूर बाजारच्या चौकात तुझ्या अभिनंदनाचा फ्लेक्सही लावायला सांगितला. फोटो तुझ्या लग्नातला टाकलाय, दुसरा सापडेना. आई खूश आहे. लोभ आहेच, हट्टापायी तो कमी करू नकोस.

तुझा
दादा

नवी दिल्ली, २४ नोव्हेंबर २०२३

ती. दादास रागिणीचा सा. न. वि. वि.

आधी तो फ्लेक्स उतरवा! गुप्तवार्तेतल्या बाईचा फोटो चौकात टांगणारा भाऊ आपल्या वऱ्हाडातच सापडायचा. रागावणार होते, पण हसूच आवरेना.

ओळ काढणार नाही. ती काय आहे, हे तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगते, त्या अहवालाच्या भरवशावर पोरं सीमेवर पुढे जातात. धोका दिसत असताना तो नाही असं लिहू? माझ्याच्यानं होणार नाही. वरिष्ठांना तसं तोंडावर सांगून आले. काल माझ्या हाताखालच्या माणसाला प्रमुख नेमलं आणि मला कोपऱ्यातली खोली दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अहवालावरची सही मागे घे म्हणून अजून निरोप येतात. येऊ देत.

आईला सांभाळून सांगा. तिची माया तेवढी असू द्या, बाकी कुणाची गेली तरी चालेल.

आपली
रागिणी

चांदूर बाजार, ९ डिसेंबर २०२३

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

फ्लेक्स उतरवला. मी आईकडेच आहे. ते साहेब परवा पुन्हा आले, या वेळी थेट इथे. सही मागे घ्यायला पोरीला समजवा म्हणाले, आणि ती ओळ काय आहे तेही आईला सांगायला लागले. मी कान टवकारले, खरं सांगतो.

आईनं त्यांना हातानंच थांबवलं. चहा पुढे केला आणि म्हणाली की बाप्पा, माही पोरगी इतके साल झाले तिच्या कामातलं एक अक्षर मले सांगत नाही, अन् तुमी ते माह्या ओसरीवर बसून सांगून राहिले? सरकारनं तुमाले गुपित राखाले ठेवलं का वाटाले?

साहेबांचा चहा तसाच राहिला. ते उठले, तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

रागिणी, सही मागे घेऊ नकोस. आईचा लोभ होता तेवढाच आहे, माझा वाढला आहे.

तुझा
दादा