आपल्या घरात धूप का नाही

अण्णा,

तुमच्या नातीला तुम्ही आवडत नाही. परवा तिनं तसं सरळ सांगून टाकलं. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्माला यायची होती, त्यामुळे तिचे आजोबा म्हणजे भिंतीवरचा उपरण्यातला फोटो आणि मी सांगेन ती गोष्ट. तिच्या मैत्रिणीच्या घरी रोज तिन्हीसांजेला धूप घालतात. आमच्याकडे दोन लव्हबर्ड्स आहेत म्हणून घालत नाहीत, एवढं तिला माहीत आहे. पण तिनं विचारलं, "आजोबा तर रामकुंडावर पूजा सांगायचे ना? मग त्यांच्या घरी पण धूप नव्हता, असं कसं?" मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हणाले, "आजोबांकडून एकदा चूक झाली होती. धुरानं दोन पक्षी गेले." ती म्हणाली, "मग मला नाही आवडत आजोबा." मी पोळी तव्यावर टाकली.

म्हणून आज दुपारी ही वही घेऊन बसले आहे. ती शाळेत आहे, हे सातपूरला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेत. खिडक्या दोन्ही बाजूंच्या उघड्या आहेत, तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे.

आपल्याकडे पक्षी आले ते नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. मी तेव्हा तेरा वर्षांची. पक्ष्यांचं दुकान असलेल्या कुणा यजमानानं वडिलांचं श्राद्ध उरकल्यावर दक्षिणेबरोबर तुमच्यापुढे चार लव्हबर्ड्सचा पिंजरा ठेवला. दक्षिणेला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, असं म्हणत तुम्ही तो सायकलच्या हँडलला लटकवून पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलात. आई म्हणाली, "उद्या कुणी हत्ती दिला म्हणजे?" तुम्ही म्हणालात, "हत्तीला जिना चढवणार नाही." पिंजरा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टांगला गेला आणि माझे दिवस बदलले. दोन हिरवे, एक निळा, एक पिवळी. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी मी त्यांच्याशी बोलत असे.

वास यायचा, हे खोटं नाही. राळ्याची टरफलं, ओली शीट, कोथिंबिरीच्या काड्या कुजून जायच्या. ट्रेमधला कागद आठवड्यातून एकदा बदलायचा, हा माझा नियम, आणि तोही मी मोडायचे. आपल्याला घरच्यांना सवय झाली होती. पण आत्या श्रावणात येऊन गेली तेव्हा नाकाला पदर लावूनच बसली. "दादा, अरे भिक्षुकाचं घर हे. पाऊल टाकलं की खुराड्यात आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. तुम्ही हसण्यावारी नेलंत. जाताना मात्र तिनं आईला बजावलं, की नवरात्रात वणीहून परतताना मी दोन दिवस राहणार, तोपर्यंत हे कुणाला तरी देऊन टाका. ते मी दाराआडून ऐकलं.

अण्णा, मला तेव्हा एवढंच कळत होतं की वास गेला तर पक्षी राहतील. नवरात्रातला तो शनिवार होता, शाळा सकाळची. तुम्ही घाटावर, आई फुलं-भाजी आणायला गेलेली. तिथून ती आत्याला घ्यायला स्टँडवर जाणार होती. वास घालवायचा म्हणजे काय करायचं, हे आपल्या घरातल्या पोरीला शिकवावं लागत नव्हतं. एरवी देवापुढे स्वयंपाकघरात एखादी उदबत्ती असायची, पक्ष्यांना त्याचं काही होत नसे, निदान दिसत तरी नसे. पण मला आठवत होती ती सणाआधीची तुमची मोठी धुरी. खिडक्या लावून घ्यायच्या, धूर कोपऱ्याकोपऱ्यात बसू द्यायचा, मग दार उघडायचं. मी गॅसवर करवंटी पेटवली, निखारे धुपाटण्यात घेतले, त्यावर मूठभर गुग्गूळ, ऊद आणि वरून कापराच्या वड्या. सगळ्या खिडक्या लावल्या. धुपाटणं पिंजऱ्याच्या बरोबर खाली ठेवलं, कारण वास तिथेच होता. आणि कडी लावून जिन्यात जाऊन बसले.

दार उघडलं तेव्हा खोलीत नाकासमोरचं दिसत नव्हतं. निळा आणि एक हिरवा पिंजऱ्याच्या तळाशी पडले होते. उरलेले दोघं चोच उघडी टाकून, शेपटी वरखाली करत दांडीला चिकटून बसले होते. मी खिडक्या उघडल्या, निखारे मोरीत टाकले, धुपाटणं घासलं आणि पिठाच्या डब्यामागे लपवलं. रडायचं मला त्यानंतर सुचलं.

तुम्ही जेवायला आधी आलात. दारातच थांबलात. आयुष्यभर धुरात उभं राहिलेल्या माणसाला गुग्गूळ ओळखायला कितीसा वेळ लागणार! माझ्याकडे एकदा पाहिलंत, मग पिंजरा उचलून गॅलरीत वाऱ्यावर नेलात. बोटानं पाणी घेऊन त्या दोघांच्या चोचीपाशी धरत राहिलात. मेलेले दोन उपरण्यात गुंडाळलेत. मला काहीही विचारलं नाही. एवढ्यात जिन्यात आईचा आणि आत्याचा आवाज आला.

"काय हो, काय झालं?" आई दारातूनच ओरडली.

"माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात. "दहाच्या सुमारास येऊन गेलो. म्हटलं, बहीण येणार तर धुरी करावी. आणि खिडक्या उघडायच्या विसरलो."

आत्यानं मग जो तोंडाचा पट्टा सोडला! एवढा शिकलेला माणूस, दहा गावचे लोक पाय धरतात, आणि घरात जीव कोंडून मारतो, ऐन नवरात्रात. अक्कल काय घाटावर विसरलास का? तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. आईनं बोलणं बंद केलं ते दुसऱ्या दिवसापर्यंत. मी दोन हातांवर होते, तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. नाही उघडलं.

संध्याकाळी मी भांडी पुसत होते. तुम्ही पिठाच्या डब्यामागून धुपाटणं काढलंत, उजेडात धरून पाहिलंत आणि माझ्या हातातल्या फडक्यानं कोरडं केलंत. "पितळेचं भांडं ओलं ठेवू नये. डाग पडतात," म्हणालात आणि ते माळ्यावर टाकलंत. बस्स. त्या प्रकरणावर तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच.

सोमवारी उरलेल्या दोघांना टोपलीत घालून, वर पातळ फडकं टाकून, आपण जनावरांच्या दवाखान्यात गेलो. म्हशी आणि कुत्र्यांच्या रांगेत धोतर नेसलेले तुम्ही आणि तुमच्या मांडीवर टोपली. डॉक्टर भले होते. म्हणाले, "काका, यांची छाती फार नाजूक. आपल्याला ठसका लागेल तेवढ्यात हे जातात. धूप, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, फवारे, डांबरगोळ्या, घरात काही म्हणजे काही चालायचं नाही." तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, मी भिक्षुक माणूस. धूपच नाही म्हणजे..." ते म्हणाले, "मग खिडकी उघडा." परतताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात आणि मधूनच स्वतःशी हसत होतात. "खिडकी उघडा म्हणे. फी घेतली नाही, ते बरं."

आणि घरी आल्यावर पिंजरा तुम्ही माझ्या हातात दिलात. "आजपासून रोजची सफाई तुझी," म्हणालात. अण्णा, मला वाटलं होतं तुम्ही मला त्या खिडकीपाशी फिरकूसुद्धा देणार नाही. त्या वेळी तुम्ही मला चार रट्टे दिले असतेत तर मी विसरून गेले असते. तो पिंजरा मात्र मी अजून विसरलेले नाही.

मग आपण दोघं शिकत गेलो. सकाळी तुम्ही नदीवरून आलात की पुढची खिडकी आणि मागचं दार एकदम उघडायचं, वारा आरपार जाऊ द्यायचा. ट्रेमधला कागद रोज बदलायचा. पण आधी तुम्ही चष्मा लावून कालचा पेपर तपासणार, देवाचा फोटो असलेलं पान बाजूला काढणार, पंचांगाचा चौकोन कात्रीनं कापणार. शीट पडायची ती पुढाऱ्यांवर, त्याला तुमची हरकत नव्हती. पक्षी गॅलरीत ठेवून ट्रे गरम पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून पुसायचा, मग साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायचा. ती व्हिनेगरची बाटली तुम्ही धोतराच्या सोग्यात लपवून आणलीत, कारण दुकानदारानं विचारलं होतं, "गुरुजी, चायनीज करताय का?" सतरंजीवर खायचा सोडा भुरभुरायचा, तासाभरानं झाडून काढायचा. पाहुणे यायचे असले तर लिंबाची सालं पाण्यात उकळायची आणि उन्हाळ्यात वाळ्याची जुडी भिजवून खिडकीला टांगायची, एवढीच चैन.

एकदा परीक्षेच्या दिवसांत मी तीन दिवस ट्रेला हात लावला नाही आणि वास येतोय म्हणून आईच्या पावडरीचा डबा घेऊन निघाले. तेव्हा तुम्ही खरंच रागावलात. "वास येतोय तर कुठून येतोय ते बघ ना आधी! वरून काय फासतेस?" तुमचा चढलेला आवाज मी दोनचारदाच ऐकला असेल, त्यातला हा एक. मी मुकाट्यानं कागद बदलला.

तुम्ही काय सोडलंत, हे मला मोठी झाल्यावर समजलं. तुमच्या आजोबांपासून चालत आलेली तिन्हीसांजेची धुरी तुम्ही बंद केलीत. घरच्या आरतीला फक्त तुपाचं निरांजन. गणपतीत आत्यानं टोमणा मारला, "दादा, कापूर नाही, मग मंत्र कशाला म्हणतोस?" तर तुम्ही म्हणालात, "म्हणायला कापूर लागत नाही." घाटावरून आलं की सदरा-उपरणं गॅलरीतल्या दोरीवर टाकायचं, हातपाय-तोंड धुवायचं आणि मगच पिंजऱ्याजवळ जायचं. भाऊबंद म्हणायचे, एका चुकीचं किती प्रायश्चित्त घेशील? तुम्ही म्हणायचात, "माझी चूक, माझं प्रायश्चित्त." मी शेजारी बसून राळे निवडत असायचे. वाचलेली जोडी पुढे सहा वर्षं जगली, पिल्लंही झाली. तुमच्या खांद्यावर बसून ती पोथीची पानं कुरतडायची आणि तुम्ही त्यांना शास्त्रीबुवा म्हणायचात.

लग्न ठरल्यावर एकदा सांगायला आले होते मी. तुम्ही गॅलरीत ट्रे वाळवत होतात. "अण्णा, त्या दिवशी..." एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सासरी कुणी पक्षी पाळले तर खिडक्यांकडे लक्ष ठेव हं," आणि ट्रे उलटा केलात. मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही मला मोकळं केलंत असं मी धरून चालले, आणि तुमचे उपकार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते. लेकीचं पाप अंगावर घेणारा बाप मिळाला, आणि त्याचा उच्चारही न करणारा. माझ्या घरात आज नॉनस्टिकचा तवा नाही, कारण तो फार तापला तर त्याची वाफही पक्ष्यांना मारते, फवारा नाही, आणि येणारे विचारतात, पक्षी असून वास कसा येत नाही हो? मी सांगते, माझ्या वडिलांनी शिकवलं. हे मात्र खरं सांगते.

एवढं सगळं सविस्तर लिहिलं ते पोरीला वाचून दाखवायचं ठरवून. आता तिची रिक्षा येईल. आल्या आल्या ती पिंजऱ्याकडे धावेल आणि मला म्हणेल, आई, तू ट्रे काढ, मी कागद घालते. ते आमचं रोजचं आहे. हे पत्र वाचलं तर तिला तिचे आजोबा आवडू लागतील, याची मला खात्री आहे. तरी मी ही वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे, अण्णा. तुम्ही मला त्याच सोमवारी पिंजरा हातात दिलात. खरं कळल्यावर ती तो माझ्या हातात देईल की नाही, याची मला भीती वाटते.