आमनाचं छत आणि शैलाचा वजनकाटा

मंगळवार, ६ मे
नाही म्हणून सांगितलं.
सकाळी ती मुलगी घरी आली होती. आमना. आर्किटेक्ट, वय तिशीच्या आत. आई-वडील सुदानचे, ही वाढली इथेच न्यूअर्कला. जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी माझं नाव दिलं म्हणे, 'त्या पाटणकरांचं लायसन्स अजून चालू आहे.' हो, चालू आहे, पण जूनअखेरपर्यंतच. पुढे रिन्यू करणार नाही असं बायकोला, शैलाला, कबूल केलंय. बेचाळीस वर्षं लोकांच्या इमारतींवर शिक्के मारले, पुरे.
प्रकरण असं. जर्सी सिटीत एका जुन्या गोदामात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतंय. आफ्रिकेतले आणि तिथून जगभर गेलेल्या घरांतले नवे आर्किटेक्ट. २४ला उघडणार. त्यात हिला कच्च्या विटांचं कमानीसारखं छत उभारायचंय. खरंखुरं, खाली माणसं उभी राहतील असं. पोलाद नाही, सिमेंट नाही, बांधताना खालून लाकडाचा आधारसुद्धा नाही! इंजिनीअरचा शिक्का नसेल तर इन्स्पेक्टर लोकांना खाली जाऊ देणार नाही. दोन इंजिनीअर आधीच पळाले. मी तिसरा.
जाताना म्हणाली, "मिस्टर पाटणकर, आजवर तीन प्रदर्शनांत माझं छत फोटोत होतं. लोक फोटोला सुंदर म्हणतात आणि पुढे जातात. मला ते एकदा त्यांच्या डोक्यावर हवंय."
दुपारी झोप लागली नाही.

शुक्र., ९ मे
नुसतं बघायला म्हणून गेलो. शै. म्हणाली, "अहो, नुसतं बघायला जाताय तर टेप कशाला घेतलीत?"
गोदामात जत्रा आहे. नैरोबीच्या दोघींनी बसथांबा मांडलाय, सेनेगलच्या एकाने शाळा, लंडनहून आलेल्या एका मुलीने विणलेली सावली. लागोसचा टुंडे म्हणून एक धिप्पाड पोरगा आहे, त्याचं पाण्यावरचं बाजारघर. सगळे एकमेकांचे खिळे ठोकून देतायत. आमच्या काळी शेजारच्या टेबलवाल्याला पट्टी द्यायचो नाही आम्ही.
आमना मधोमध. भिंती उभ्या आहेत. मागची भिंत उंच, तिला टेकवून विटांची पहिली कमान किंचित मागे कललेली, तिच्या अंगावर दुसरी, तिच्यावर तिसरी. वीट पातळ, मागे ओला चिखल. वीट लावते, दाबते, हात काढते. वीट पडत नाही. मी पंधरा मिनिटं पडायची वाट पाहत उभा होतो.
विटांच्या ढिगावर फोन टेकवलेला. त्यात तिचे आजोबा, हसन, गावातले गवंडी. नदीकाठचं घर लढाईत गेलं, आता कैरोत मुलीकडे असतात. फोनमधून सारखे ओरडत होते. भाषा कळली नाही, पण चिखल पातळ झालाय एवढं कळलं. गवंड्याचा ओरडा कुठल्याही देशात कळतो.
टेप काढली शेवटी. मापं घेतली. अजून हो म्हटलेलं नाही.

रवि., ११ मे
कॉम्प्युटर विटेला पोलाद समजतो आणि रडतो. बंद केला. सांगलीच्या कॉलेजात शिकलो होतो तसं केलं: साखळी दोन टोकांना धरून सैल सोडायची, ती जशी लोंबते तो आकार उलटा केला की कमान. साखळी सापडेना, तेव्हा शै.ची गळ्यातली मागून घेतली. फ्रिजवर ग्राफपेपर चिकटवला, साखळी टांगली, आमनाची मापं मांडली.
बसली! तिची कमान आणि साखळी, जवळजवळ एकावर एक. पोरीने दोरी धरून काढली होती, आजोबांनी शिकवली तशी.
"माझ्या साखळीवर काय प्रयोग चाललेत?" शै. विचारतेय. "आणि फोडणीचं तेल कुठे ठेवलंत?"
आमनाला फोन केला. हो म्हटलं. पलीकडे वीट खाली ठेवल्याचा आवाज. मग, "थँक यू, अम्मो." अम्मो म्हणजे त्यांच्यात काका.

बुध., १४ मे
छत पुरं झालं. मोठ्या खोलीएवढं आहे. खाली उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो.
इन्स्पेक्टर आला. सभ्य माणूस, मिशीत हसतो. माझे कागद उलटसुलट पाहिले. म्हणाला, "कागदावर माझा विश्वास आहे. मातीवर नाही." छतावर तीन हजार पौंड वजन ठेवायचं, एक दिवस एक रात्र. खाली गेज लावून छत किती दबतं ते मोजायचं. तडा गेला तर लोकांना प्रवेश नाही.
म्हणजे पुन्हा फोटोच. आमना हातातली वीट नखाने खरवडत होती.
मी म्हटलं, करू. वाळूच्या शंभर पिशव्या, प्रत्येकी तीस पौंड. गुरुवारी दोरी आणि पिशव्या आणल्या. (हे शुक्रवारी सकाळी लिहितोय, दोन दिवस कंटाळा केला.)

शनि., १७ मे
आपण म्हातारे झालो, दुसरं काही नाही.
वाळू आली. मोठा काटा मिळेना म्हणून घरून बाथरूममधला वजनकाटा आणला. शै. झोपली होती, विचारायचं राहिलं. दहा वर्षांत मी त्याच्यावर पाय ठेवलेला नाही, त्याचा आज तरी उपयोग होतोय. पिशवी भरायची, काट्यावर ठेवायची, आकडा तीस आला की तोंड बांधायचं. पहिली मीच उचलायला गेलो, कंबरेने जागच्या जागी राजीनामा दिला. तीस पौंड! नातवाला खांद्यावर घेऊन अख्खं झू फिरलोय मी.
बरं, पोरंही तशीच. टुंडे एका पिशवीला कण्हतोय. "अम्मो, ही फार जड वाटते." काटा दाखवला. तीस. पिशवी खांद्यावर घेतली. पौंड म्हणजे किती ते लागोसवाल्याला तसंही माहीत नव्हतं. मी थोडं लेक्चर दिलं, आजकालच्या पोरांबद्दल, जिममधल्या दंडांबद्दल. आमना सगळा वेळ खाली गेजपाशी, तिला दुसरं काही दिसत नाहीये.
पंचेचाळीस पिशव्यांत वाळू संपली. तीन हजार पौंडांची ऑर्डर आणि निम्मीसुद्धा नाही! वाळूवाल्याला फोनवर असा झापला की नैरोबीच्या पोरी काम थांबवून बघायला लागल्या. तो शपथा घेतोय. मी म्हटलं, शपथा नको, वाळू पाठव.

सोम., १९ मे
दुसरी गाडी आली. तीही पुरली नाही, तिसरी मागवली. वाळूवाला आता माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो, आपण वेड्याशी बोलतो तसा.
दुपारी चारला शंभरावी पिशवी वर चढली. सगळ्यांनी आपापली कामं सोडून साखळी केली होती, हातोहात. लंडनवालीच्या तळहातांना फोड.  गेज बघितलं. काटा हलला, थांबला. आमना पाठमोरी. मी सांगेपर्यंत वळली नाही.

मंगळ., २० मे

साडेतीन वाजता शै. आली. पोरांसाठी बटाटेवडे करून आणले होते. गेज बघितलं होतं तेव्हाच, कालच्या आकड्याहून सूतभरही जास्त दबलं नव्हतं, अर्धा तास उरलेला, मी खुशीत. तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं.
"माझा काटा इथे आहे होय! तीन दिवस घर धुंडाळतेय मी."
"अगं, वाळू मोजायला आणला."
"वाळू? अहो, तो किलोत आहे. मागच्या वेळी पुण्याच्या डाएटवालीने चार्ट किलोत दिला, तेव्हापासून किलोतच ठेवलाय. खाली लिहिलंय की बारीक."
चष्मा लावून वाकलो. होतं लिहिलेलं. बारीक.
 शंभर पिशव्या, तीस किलो. तीन हजार पौंड नाही, तीन हजार किलो. सांगितल्याच्या दुपटीहून जास्त, दुसऱ्याच्या पोरांच्या डोक्यावर, आणि मी शेजारी उभा राहून जिमवर लेक्चर देतोय. छत बसलं असतं तर? हा विचार डोक्यातून जात नाही. बेचाळीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. सगळ्यांना आधी बाहेर काढलं.
मग एकट्याने आत जाऊन टॉर्चने प्रत्येक सांधा पाहिला. एक, एक करून. तडा नाही. एकही नाही.
बाहेर येऊन सांगितलं. कुणाला काही कळेना. मग टुंडे ओरडला, "म्हणजे मी म्हातारा झालेलो नाही!" आणि नुसता गोंधळ. आमना जमिनीवर बसली, हसतेय की रडतेय समजेना. फोनमध्ये हसन आजोबांना सांगितलं.  म्हणाले (आमनाने सांगितलं), "मग? मला कुणी विचारलं होतं का?"
शै. वडे वाटत होती. मला दिला नाही.

बुध., २१ मे
इन्स्पेक्टरला पहिल्या वाक्यात सगळं सांगितलं. काटा, किलो, बायको, सगळं. त्याने तीन पिशव्या उतरवून आपल्या काट्यावर मोजल्या. सहासष्ट, सहासष्ट, पासष्ट पौंड. गेज पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."
"मला कळलेलं होतं," मी म्हटलं.
त्याने मिशीतलं हसू बाहेर काढलं. परवानगीवर सही केली. मग मी नकाशांवर शिक्का मारला, आमनाने दोन्ही हातांनी कागद धरून ठेवला होता, वारा नसताना.
वाळूवाल्याला फोन करून माफी मागितली. म्हणाला, "सर, उरलेली वाळू परत हवीय की नको?"

शनि., २४ मे
आज.
दारं उघडायच्या आधी हसन आजोबांचा हुकूम आला. त्यांच्या घरी रीत आहे, छत ज्यांनी बांधलं आणि ज्यांनी ग्वाही दिली, ते पहिले वर चढणार. घरातले खाली. आमना शिडीवरून भराभर गेली. मग मी. एक्काहत्तराव्या वर्षी, टुंडे मागून ढकलतोय, शै. खालून "अहो, सावकाश, अहो!" वर उभा राहिलो. मातीवर पाय टेकले. बेचाळीस वर्षांत माझ्या एकाही इमारतीवर मी असा उभा राहिलो नव्हतो. आमनाने फोन उंच धरला. आजोबांनी बराच वेळ पाहिलं.  मग त्यांनी हाताने चेहरा पुसला आणि एकच शब्द बोलले. आमनाने सांगितला नाही, मीही विचारला नाही.
दिवसभर रांग. लोक बसथांब्याखाली बसले, विणलेल्या सावलीत पोरं लोळली, टुंडे आवाज बसेपर्यंत बोलला. आणि छताखाली लोक येत, वर बघत, आणि आपोआप हळू बोलायला लागत. कुणी 'सुंदर' म्हणून पुढे गेलं नाही. आयसेलिनहून आमच्या ओळखीचे जोशी काका आले, भिंतीला हात लावून म्हणाले, "गार आहे रे!" मला असा अभिमान वाटला, जणू मीच बांधलंय. बांधलं तिने. मी फक्त जास्त वाळू ठेवली.

रवि., १ जून
आमना जेवायला आली होती. बातमी: इथल्याच एका गावाच्या ग्रंथालयाला तसंच छत हवंय. कायमचं, मुलांच्या वाचायच्या खोलीवर. कमिटीचं अजून नक्की नाही. झालं तर दोन वर्षांचं काम. इंजिनीअर लागणार.
तिने काही विचारलं नाही. वरणभात दुसऱ्यांदा घेतला, शै.ला आमटीचं विचारलं, गेली.
लायसन्स रिन्यूचा फॉर्म आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडलाय. शै. त्याच्याभोवती ताटं मांडते. कबूल केलेलं तिच्या लक्षात आहे, माझ्याही आहे. डिसेंबरपासून सांगलीला सहा महिने राहायचं ठरलंय.
आत्ता आंघोळीला गेलो तर काटा जागेवर आलेला. वाकून पाहिलं, यावेळी चष्मा लावून.
शै.ने तो पौंडात करून ठेवलाय. पुढच्या वाळूसाठी.