गोधडीतला तुझा कोपरा

आई, काल तुझा नियम मोडला. आधी तेवढं सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागव.

पोशेरा गावच्या आपल्या घराच्या ओटीवर गोधडी अजूनही चौघी मिळूनच शिवतो. चार कोपऱ्यांना चौघींनी बसायचं, कडेपासून टाके घालत मध्याकडे यायचं, आणि दुसरीचा टाका उसवायचा नाही. लहानपणी मी शेजारणीचा एक वाकडा टाका ओढून काढला, तेव्हा तू सगळ्यांसमोर माझ्या बोटांवर फटका दिलास. जिचे टाके उसवतात ती बाई परत आपल्या ओटीवर येत नाही, म्हणालीस. तो फटका मला अजून आठवतो.

कालची गोधडी शेजारच्या वहिनीच्या नातवाची. आज सकाळी मुकादमाचा टेम्पो येणार होता, वहिनीचा मुलगा, सून आणि तान्हं बाळ भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघणार होते. तिथल्या झोपडीत थंडीला दुसरं काही नाही, म्हणून मी जव्हारहून सकाळच्या बसने गेले. शिवायला मी, वहिनी, तिची सून आणि मावशी, तुझी जन्माची मैत्रीण. तिची नजर आता गेल्यातच जमा आहे, दोरा सून ओवून देते. पण कोपरा सोडायला तयार नाही. दुपारी बघते तर तिच्या बाजूचे टाके बोटभर लांब आणि सैल. मी बोट घातलं तर ते अडकलं. बाळाचं बोट असंच अडकून दोरा आवळला, तर दमूनभागून झोपलेल्या त्या पोरीला कळणार कधी?

वहिनीने पाण्याच्या निमित्ताने मला आत बोलावलं आणि हातात ब्लेड ठेवलं. मावशी जेवायला उठली की उसव, म्हणाली. आणि नेमकी काल मावशी जेवायलाही उठेना. ऊन ओटीवरून उतरायला लागलं. सुनेने बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याच कोपऱ्याकडे बघत होती, बोलायची तिची छाती होत नव्हती. उसवावं तर मावशी दुखावणार, तुझ्यासोबत या ओटीवर बसलेली तेवढी एकच बाई उरली आहे. न उसवावं तर ते बाळ. खरं सांगू, मला तुझाच राग आला. नियम घालून तू मोकळी झालीस.

शेवटी मावशीने सुई टोचून ठेवली आणि शिवलेल्यावरून हात फिरवला. तिचंच बोट तिच्याच टाक्यात अडकलं. मग तिने माझ्याकडे तोंड केलं.

"ब्लेड हाय ना तुझे हातात? उसव मग."

मी म्हटलं, आई नको म्हणायची.

"तुझे आयशीचा कोपरा मीच उसवायची. ती पाण्याला गेली का परत बारीक शिवून ठेवायची. लई घाईचा हात होता तिचा."

"तिला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? ती उठून गेली असती. मी नाय उठायची."

आणि खरंच उठली नाही. मी उसवत गेले तसे दोऱ्याचे तुकडे ती चाचपून गोळा करत राहिली. कोपरा मी आणि सुनेने पुन्हा शिवला, दिवेलागणीला चौघींचे टाके मध्यात मिळाले. आज बाळ त्याच गोधडीत गुंडाळून गेलं.

टेम्पो गेल्यावर परत येताना बसमध्ये मला तुझं हसू आलं, आई. एवढी करारी बाई तू, आणि तुझ्या पाठीमागे हे चाललेलं. मग घरी येऊन तुझी गोधडी काढली. तू गेल्यापासून मी तुझ्या कोपऱ्यावर गाल ठेवून झोपते. इतके बारीक, सरळ टाके, तुझ्या हाताचे म्हणून. आता यातला तुझा एखादा तरी असेल का, ते शोधत बराच वेळ बसले. सापडला नाही.

हे तुझ्यापर्यंत पोचवता आलं असतं तरी मी पोचवलं नसतं. तू उठून गेली असतीस. आज मी त्याच कोपऱ्यावर झोपणार आहे.